एक दिवसाचा मुक्काम: कोणती गाडी धरायची?



चैत्यभूमीहून परतणाऱ्या नांदेडच्या मंडळींची गाडी छत्रपती संभाजीनगर स्टेशनात थांबते. (पूर्वीचे औरंगाबाद म्हटल्याशिवाय घरातल्या आजीला अजून कळत नाही.) चहा येतो, गाडी सुटते आणि डब्यात कोणीतरी म्हणतोच, 'इतक्या जवळून जातो, एकदा उतरून पोरांना वेरूळ दाखवू या.' अलीकडे असे उतरणारे वाढले आहेत. पाच-सहा कुटुंबे मिळून एक दिवसाचा मुक्काम करतात आणि रात्रीच्या गाडीने नांदेडकडे निघतात. लातूरची मंडळी एस.टी.ने अंबाजोगाई, बीड, गेवराईमार्गे येऊन त्यांना मिळतात. हा पायंडा चांगला आहे. त्याचे आम्हाला कौतुकच आहे.

पण परत आल्यावर विचारावे, काय पाहिले? उत्तर येते: मकबरा पाहिला, पाणचक्की पाहिली, कैलास पाहिला, पैठणीचे दुकान पाहिले. आणि बुद्ध लेणी? 'वेळच नव्हता हो. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.' हे उत्तर आम्ही इतक्या घरांतून ऐकले, की या वेळी या सदरात तेवढ्याच विषयावर लिहायचे ठरवले.

मुंबई बंदरात परदेशी प्रवाशांची मोठमोठी जहाजे लागतात. त्यातल्या प्रवाशांना सकाळी उतरून संध्याकाळी जहाज सुटण्याच्या आत परत यायचे असते. म्हणजे त्यांची आणि आपली अडचण एकच, खिसा तेवढा वेगळा. पण कुठे जायचे, किती वेळ थांबायचे, वाटाड्या कोणत्या भाषेत बोलणार, हे त्यांच्यातले बरेच जण जहाजावर असतानाच ठरवून टाकतात. आपण स्टेशनाबाहेर आलो, की जो पहिला पिशवीला हात घालील त्याच्या मागे चालू लागतो. 'आठ पॉइंट, एका दिवसात, माणशी इतके' असे तो ओरडतो आणि आठ हा आकडा ऐकून आपल्याला पैसे वसूल झाल्यासारखे वाटते.

अशा एका टूरवाल्याचे पत्रक आमच्यासमोर आहे. नाव देत नाही, कारण सगळ्यांची पत्रके जवळजवळ सारखीच असतात. दौलताबाद, खुलताबाद, भद्रा मारुती, घृष्णेश्वर, वेरूळ, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि शेवटी 'खरेदी'. सकाळी ९ ते संध्याकाळी ७. आम्ही पेशाने कारकून, तेव्हा जमाखर्च मांडून पाहिला. एकूण दहा तास. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे जाण्यायेण्यात आणि शहरातल्या फिरण्यात अडीच तास गेले. जेवणाचा एक तास. आठ ठिकाणी उतरणे, मुले मोजणे, मागे राहिलेल्या काकांना हाका मारणे, पुन्हा चढणे याला दर वेळी दहा मिनिटे धरली तर ऐंशी मिनिटे. उरले पाच तास दहा मिनिटे. त्याला आठाने भागा. एका ठिकाणाला चाळीस मिनिटेही येत नाहीत. वेरूळला लेणी आहेत ३४.

आता हे चाळीस मिनिटांचे वेरूळ कसे असते ते सांगतो. गाडी उभी राहते तिथून समोरच सोळावे लेणे, म्हणजे कैलास लेणे येते. वाटाड्या सगळ्यांना घेऊन सरळ त्यात शिरतो. एका डोंगरातून वरून खाली कोरत आणलेले ते काम अचाट आहे, ते कोणी नाकारत नाही. पण बाहेर यायला अर्धा तास होतो आणि तोवर हॉर्न वाजू लागतो. पहिली बारा लेणी, जी बौद्धांची आहेत, ती कैलासाकडे तोंड करून उभे राहिले तर उजव्या हाताला आहेत. तिकडे वळायचे राहून जाते. काही अंतर चालले असते तर बुद्धाच्या पायाशी जाऊन बसता आले असते, पण आपली माणसे तशीच गाडीत चढतात.

म्हणून पहिली गोष्ट. वेरूळला गेल्यावर आधी उजवीकडे वळायचे. पहिल्यापासून बारापर्यंत शांतपणे जायचे आणि परतताना वेळ उरला तर कैलास. हे गाडी ठरवतानाच सांगावे. ज्याला हे चालत नाही त्याची गाडी आपली नव्हे, मग तो माणशी पन्नास रुपये कमी घेवो.

दुसरी गोष्ट वाटाड्याची. पर्यटन खात्याचा परवाना असलेला वाटाड्या असतो, त्याच्याजवळ ओळखपत्र असते, ते पाहायला मागण्यात संकोच नको. मोबदला साधारणपणे एका गटामागे असतो, डोक्यामागे नव्हे. पंधरा-वीस जणांत तो फार पडत नाही. पण परवाना असला म्हणजे तो आपल्या कामाचा असेलच असे नाही. पैसे ठरवण्यापूर्वी आम्ही दोन प्रश्न विचारायला सांगतो. पहिला: दहा नंबरचे लेणे कोणाचे? 'विश्वकर्म्याचे, देवांच्या सुताराचे' एवढे सांगून तो थांबला तर त्याला नमस्कार करावा. हे लेणे म्हणजे चैत्यगृह आहे. आत स्तूप आहे आणि स्तूपासमोर बसलेल्या बुद्धांची भव्य मूर्ती आहे. छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी कमानी कोरल्या आहेत, म्हणून लोक त्याला 'सुतार का झोपडा' म्हणू लागले आणि सुतार मंडळी मूर्तीला विश्वकर्मा समजून पुजू लागली. ज्या कारागिरांनी दगडात लाकूड उभे केले त्यांच्या वारसांनी तिथे हात जोडले, यात आम्हाला राग येण्याजोगे काही दिसत नाही. पण बुद्ध समोर बसलेले असताना वाटाड्याने त्यांचे नावच घेऊ नये, हे मात्र खपवून घेऊ नये.

दुसरा प्रश्न: पाच नंबरच्या लेण्याला काय म्हणतात?

त्याचे नाव 'महारवाडा' आहे. जुन्या इंग्रजी पाहणी-ग्रंथांतही हे नाव छापले आहे. पावसाळ्यात आसपासचे महार लोक आसऱ्याला तिथे राहत म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. पहिल्या काही लेण्यांना 'ढेडवाडा' असेही म्हणत. बहुतेक वाटाडे हे लेणे टाळतात किंवा नाव न घेता पुढे नेतात. काही जण बिचारे समोरची मंडळी पाहून अवघडतात, तेही आम्ही समजू शकतो. पण आपण तरी अवघडू नये. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांना पावसात छप्पर दिले ते भिक्खू संघाच्या रिकाम्या विहाराने. आणि विहार तरी केवढा! आत सुमारे पस्तीस मीटर खोल दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि मधोमध जमिनीलगत दोन लांबच लांब दगडी बाक. भिक्खू इथे समोरासमोर ओळीने बसून भोजन करीत किंवा पठण करीत असावेत, असे अभ्यासक सांगतात. ज्या संघात उपाली न्हावी विनयाचा आचार्य झाला, त्या संघाची ही पंगत. पोरांना त्या बाकांजवळ उभे करून एवढे सांगितले तरी पुरे. नावाची लाज वाटून घ्यायची ती त्यांना तसे म्हणणाऱ्यांनी.

बाराव्या लेण्याला 'तीन थाळ' म्हणतात. तीन मजले आहेत, जिने दगडी आणि आत अंधूक उजेड, तेव्हा वयस्क उपासिकांनी खालच्या मजल्यावर बसावे. वरच्या मजल्यावर गाभाऱ्याबाहेर दोन्ही अंगांना सात-सात बुद्ध ओळीने बसलेले आहेत. तिथे हळू आवाजात त्रिशरण-पंचशील घ्यावे. मेणबत्ती-अगरबत्ती मात्र लावू नये. धुराने दगड काळा होतो आणि कायद्यानेही मनाई आहे.

वेरूळच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला लागतो. गाडीवाला तिथे तास-दीड तास मोडतो, तरुण पोरे धावत वर जातात, बाकीचे खाली पेरू खात बसतात. इथे कोणत्याही वाटाड्याने सांगितलेले आम्ही ऐकले नाही ते आपणच आपल्या मुलांना सांगायचे आहे. १९३४ साली बाबासाहेबांचे चळवळीतले सहकारी त्यांना म्हणाले, आपण सहलीला जाऊ या. बाबासाहेबांनी होकार दिला. काही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरवून सुमारे तीस जण निघाले. म्हणजे वाचकहो, आज आपण ज्या वाटेवर गाडी ठरवतो, त्याच वाटेवर बाबासाहेबही सहलीलाच निघाले होते. दौलताबादला पोचले तेव्हा सगळे धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दाराजवळ पाण्याने भरलेला छोटा हौद होता. त्यावर काहींनी हातपाय-तोंड धुतले. एवढ्यात एक म्हातारा ओरडत धावत आला, की ढेडांनी हौद बाटवला. लोक जमले, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर येण्याची वेळ आली. रमजानचा महिना होता आणि ओरडणारे मुसलमान होते. तुमचा धर्म हेच शिकवतो काय, असा सवाल बाबासाहेबांनी त्यांना केला. शेवटी किल्ला पाहू दिला तो या अटीवर, की आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही. त्यावर लक्ष ठेवायला हत्यारी शिपाई सोबत दिला.

बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. शिवाशिवीचा रोग एकाच धर्मापुरता उरलेला नाही, हे त्यांना दाखवायचे होते. नांदेड आणि लातूर त्या वेळी त्याच निजामाच्या राज्यात होते, म्हणजे आपले आजे-पणजे याच हवेत जगत होते. आणि पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. तेव्हा दौलताबाद टाळू नका. किल्ला चढायची घाई नको, चांदमिनार खालूनही दिसतो. दाराशी अर्धा तास थांबा, बाटलीतले पाणी सगळ्यांना द्या आणि तिथेच ही हकीकत मुलांना सांगा. मग पुढे चला.

आता सकाळचे बोलू. गाडी पहाटे-सकाळी पोचली तर वेरूळला लगेच पळू नये. शहरातच आपले पाहण्याजोगे इतके आहे, की पहिले तीन-चार तास त्यात सहज जातात आणि गाडीभाडेही कमी लागते. नागसेनवन परिसरात मिलिंद महाविद्यालय आहे. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० साली इथे कॉलेज काढले. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. त्या वेळी मराठवाड्यातल्या पोराला पुढे शिकायचे म्हणजे पुष्कळदा हैदराबादची वाट धरावी लागे. मिलिंद राजा प्रश्न विचारणारा आणि भदंत नागसेन उत्तर देणारे. कॉलेजला एकाचे नाव आणि आवाराला दुसऱ्याचे. आपल्यापैकी कितीतरी घरांतला पहिला पदवीधर याच आवारातून बाहेर पडला.

तिथून विद्यापीठाचे प्रवेशद्वार फार लांब नाही. फोटो सगळेच काढतात. काढावा. पण १९७८ साली विधिमंडळाने नामांतराचा ठराव केल्यावर काय झाले आणि १४ जानेवारी १९९४ उजाडेपर्यंत सोळा वर्षांत कोणी काय भोगले, हे नांदेडच्या माणसाने तरी विसरू नये. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे आपल्याच जिल्ह्यातले. १९९३ साली नांदेडात आत्मदहन करणारे गौतम वाघमारे आपल्याच शहरातले. कोणत्याही 'दर्शन' गाडीच्या यादीत हे दार नसते. तिथे थांबायला तिकीट मात्र लागत नाही.

विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. मकबऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटर. आठ पॉइंटवाले मकबरा दाखवतात आणि तिथूनच मागे फिरतात, याचे आम्हाला नवल वाटते. एकंदर बारा लेणी, तीन गटांत. पायथ्याशी विहार आहे, ज्यांना चढण झेपत नाही त्यांनी तिथे थांबावे. तिसऱ्या लेण्यात बुद्धांसमोर गुडघे टेकून बसलेली उपासक-उपासिकांची शिल्पे आहेत, जवळजवळ माणसाएवढी. त्यांचे केस, दागिने, जोडलेले हात पाहा. आपल्या विहारात रविवारी बसलेल्या बाया दिसाव्यात तशा त्या दिसतात. सातव्या लेण्याच्या दारापाशी बोधिसत्त्व अवलोकितेश्वर उभे आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना आठ संकटे कोरली आहेत. आग, तलवार घेतलेला शत्रू, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती, राक्षस. प्रत्येक संकटातला माणूस बोधिसत्त्वाकडे हात जोडून पाहतो आहे. समुद्रापासून इतक्या दूर मराठवाड्यातल्या डोंगरात बुडणारे जहाज का कोरले, असा प्रश्न एखादा चुणचुणीत मुलगा विचारीलच. या लेण्यांना दान देणाऱ्यांत दूरदूर माल नेणारे व्यापारी असत आणि त्यांच्या जिवाला हीच भीती असे, हे त्याला सांगावे.

पाणचक्कीला आमचा विरोध नाही. वेळ असेल तर अवश्य पाहावी. डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर दळण दळले जाई. आणि या शहरात असे पाणी खेळवण्याची पहिली मोठी योजना सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने केली, जो गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता आणि पुढे निजामशाहीचा वजीर झाला. गुलामाने शहर वसवले आणि शहराला पाणी पाजले, हेही आपल्या मुलांनी ऐकावे. नको आहे ते 'खरेदी'चे ठिकाण. दुकानदार गाडीवाल्याला दलाली देतो आणि ती आपल्याच बिलातून निघते. आदल्या दिवशी मजुरी बुडवून आलेल्या माणसाने दुकानाच्या गादीवर तासभर बसून साड्या उलगडताना पाहायच्या, याला सहल म्हणायचे काय?

तर दिवसाचा मेळ असा बसतो. सकाळी नागसेनवन, विद्यापीठाचे दार, औरंगाबाद लेणी. बाराच्या आत जेवण करून निघायचे, दौलताबादला अर्धा तास, दोनच्या सुमारास वेरूळ. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दुपारनंतरच आत उजेड शिरतो आणि दहाव्या लेण्यातले बुद्ध तेव्हाच नीट दिसतात. सूर्यास्ताला लेणी बंद होतात. डिसेंबरात सहाच्या आतच अंधारू लागते, हे ध्यानात ठेवावे.

'मग अजिंठा?' असे विचारणारे पुष्कळ आहेत. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटर. एका दिवसाच्या मुक्कामात अजिंठा आणि वेरूळ दोन्ही करून देतो म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवावी. अजिंठ्याला पूर्ण दिवस द्यावा. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी ठेवून तिथल्या बसने चार किलोमीटर आत जावे लागते, मग पायऱ्या. सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती पाहताना मागून कोणी 'चला, चला' म्हणू नये. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर नतमस्तक होऊन येणाऱ्याने तर त्या मूर्तीसमोर घडीभर बसलेच पाहिजे. दोन दिवस मुक्काम करता येत असेल तर दुसरा दिवस अजिंठ्याचा. वार मात्र तपासावा. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. मुंबईहून निघण्याआधी कॅलेंडर पाहिले नाही, तर दारातून परत यायची वेळ येते.

आता पैशाचे. मुंबईहून नांदेडचे सरळ तिकीट काढून मध्ये संभाजीनगरला उतरू, असे कोणी म्हणेल. रेल्वेची मध्ये उतरण्याची सवलत पाचशे किलोमीटर प्रवास झाल्यावर लागू होते आणि संभाजीनगर त्याच्या आतच येते. म्हणून तिकीट दोन तुकड्यांत काढावे, आणि रात्रीच्या गाडीचे आरक्षण आधीच करावे. शहरातून वेरूळला एस.टी. जाते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे आणि ७५ वर्षांपुढे मोफत, ओळखपत्र मात्र जवळ हवे. ज्या गटात बाया आणि म्हातारी माणसे जास्त, त्यांना खाजगी गाडीपेक्षा हेच परवडते. फक्त दौलताबादला उतरून पुढची बस धरायची तयारी ठेवावी. लेण्यांचे तिकीट वेरूळ-अजिंठ्याला माणशी ४० रुपये आहे आणि पंधरा वर्षांखालील मुलांना ते लागत नाही.

आणि वाटाड्या परवडत नसेल तर? विद्यापीठात पाली आणि बौद्ध धम्माचा विभाग आहे, तिथे आपल्याच तालुक्यांतली मुले शिकतात. शिवाय अलीकडे गावोगावचे तरुण धम्मलिपी शिकून लेण्यांवरचे शिलालेख वाचू लागले आहेत, रविवारी लेण्यांची साफसफाई करतात. आपल्या वस्तीतल्या, नात्यातल्या अशा एखाद्या मुलाला महिनाभर आधी कळवावे, त्याचे जाण्यायेण्याचे भाडे आणि जेवण गटाने करावे. त्याला फुकट राबवू नये. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यावर दर्शनी भाग दान देणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. तो स्वतःला आईच्या नावाने, वासिठीचा पुत्र म्हणवतो. आपल्याच पोराने ते अक्षर-अक्षर लावून वाचून दाखवले, तर बरोबरच्या पाचवी-सहावीतल्या मुली वहीत उतरवून घेतात, हे आम्ही पाहिले आहे.

परतीच्या वेळी एक काळजी घ्यावी. वेरूळच्या थांब्यावर संध्याकाळी सगळे एकदम येतात आणि बसला झुंबड उडते. लेकुरवाळ्या बायांना आणि म्हाताऱ्यांना पाचच्या सुमारासच पुढे पाठवावे, त्यांच्याबरोबर एक जबाबदार माणूस द्यावा. सकाळच्या भाकऱ्यांतल्या चार बाजूला ठेवाव्यात, रात्रीच्या गाडीत उपयोगी पडतात.